आर बदललेला भोवरा

माझ्या टेबलाच्या खणात बाभळीच्या लाकडाचा एक भोवरा आहे. मला तो मिळाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आता मी साठी ओलांडली आहे. एवढ्या काळात त्याची आर, म्हणजे टोकाचा खिळा, पाच वेळा बदलली. जाळ्या, म्हणजे तो फिरवायच्या दोऱ्या, किती झिजल्या याची मोजदाद नाही. डोक्याजवळ एक चीर गेली होती, तिथं लोखंडाची बारीक शेंबी चढवलेली आहे. खालच्या निमुळत्या भागावर पानाच्या देठासारख्या सहा कडा कोरलेल्या आहेत. त्या कातताना काढलेल्या नाहीत, नंतर मी कानशीनं घासून पाडल्या. म्हणजे मला मिळालेल्या भोवऱ्यातलं फक्त मधलं लाकूड उरलं आहे. बाकी सगळं वेळोवेळी बदललेलं, जोडलेलं, सुधारलेलं. आणि तरीही तो तोच भोवरा आहे. आजही दोन-अडीच मिनिटं फिरतो.

माझे आबाजी, म्हणजे आजोबा, देवळी तालुक्यातल्या आमच्या गावचे खाती. बंडी, वखर, डवरा, तिफण, सगळी लाकडाची कामं त्यांच्या हातची. भोवरा माझ्या हातात देताना त्यांनी एक वाक्य सांगितलं होतं. "बाबू, दुकानदार लाकूड विकते. भवरा त ज्याचा त्याले करा लागते." तेव्हा मला याचा अर्थ कळला नव्हता, कारण हातात दिसत होता तो तर पुरता भोवराच होता. पुढं चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना शिकवल्यावर मात्र असं वाटू लागलं की आमच्या वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट या वाक्यात बसलेली आहे. ती लिहून ठेवावी म्हणून हा लेख.

आधी जागेविषयी. वर्धा हा तसा नवा जिल्हा. १८६२ मध्ये तो नागपूरपासून वेगळा झाला. पहिलं मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या वस्तीच्या जागी आखून-रेखून वर्धा शहर वसवलं गेलं. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली आणि पुलगाव, वर्धा, सिंदी ही गावं रुळावर आली. कापसाला बाजार मिळाला. हिंगणघाटच्या कापसाचं नाव आधीच दूरवर गेलेलं होतं. मग हिंगणघाटला आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्या आल्या तरी कापूस शेतातून जिनापर्यंत यायचा तो बंडीतूनच. त्यामुळं कापूस वाढला तशी बंडी वाढली, आणि बंडी वाढली तसा खाती गावाचा मोठा माणूस झाला. पेरणीच्या आधी आणि कापूस निघायच्या वेळी त्याच्या दारात लोक ताटकळत बसायचे.

भोवरा जन्माला यायचा तो या कामाच्या काठावर. चाकाच्या तुंब्यासाठी, म्हणजे मधल्या गाभ्यासाठी, बाभळीचा ओंडका कापला की टोकाचे तुकडे उरत. बाभूळ कठीण, वजनदार आणि चिवट. म्हणूनच चाकाला ती चालते आणि म्हणूनच भोवऱ्यालाही. आबाजी ओंडके नाल्याच्या पाण्यात काही महिने बुडवून ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे. असं मुरलेलं लाकूड नंतर सहसा फाटत नाही, कीड लागत नाही. चिंचेचं लाकूडही भोवऱ्याला चांगलं, कारण त्याचे दोर, म्हणजे तंतू, एकमेकांत गुंतलेले असतात आणि आर ठोकताना ते उलत नाही. सागवान दिसायला देखणं, पण सरळ दोराचं आणि हलकं. "साग घराले, बाभूळ चाकाले," असं आबाजी म्हणायचे आणि भोवरा चाकाच्या बाजूला धरायचे.

हे लाकूड कातायचं साधन म्हणजे दोरीचा खराद. दोन खुंट, त्यांच्या आतल्या अंगाला लोखंडाची दोन टोकं, त्या टोकांच्या मध्ये अडकवलेलं लाकूड. लाकडाला दोरीचे दोन वेढे द्यायचे आणि एकानं दोरीची दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची. लाकूड एकदा पुढं फिरतं, एकदा मागं. पटाशी धरणारा ती फक्त पुढच्या फेऱ्याला लाकडाला टेकवतो, मागच्या फेऱ्याला उचलून घेतो. माझ्या लहानपणी दोरी ओढायचं काम माझ्याकडं असे. ओढण्यात खंड पडला की लाकडावर खरबरीत पट्टा उमटायचा, म्हणून लय सोडायची नाही. कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की भोवरा दोरीच्या वेढ्यानंच घडतो आणि आयुष्यभर दोरीच्या वेढ्यानंच फिरतो. घडवणारा आणि खेळणारा एकच हालचाल करत असतात.

भोवरा कधी घ्यायचा हेही आमच्याकडं ठरलेलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याला खरे बैल सजतात, तर दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी ही प्रथा सुरू केल्याचं सांगितलं जातं. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा सर्वांत गाजलेला. तिथं मुलांच्या कमरेएवढे नाहीत, तर माणसाहूनही उंच लाकडी बैल चाकांवर ओढत आणतात. लहान गावांत मुलं आपला वीतभर बैल घेऊन घरोघर जातात आणि घरोघर त्यांना पैसे किंवा खाऊ मिळतो. त्याला बोजारा म्हणतात. माझ्या पिढीच्या पोरांचा बोजारा बहुतेक एकाच ठिकाणी जायचा, भोवऱ्याकडं. लाकडी बैलानं मिळवायचं आणि लाकडी भोवऱ्यावर खर्चायचं. पाऊस ओसरून जमीन आवळून यायची तेव्हा भोवऱ्याचा हंगाम सुरू व्हायचा.

बाजारातून आणलेला भोवरा लाखेनं रंगवलेला, गुळगुळीत असायचा. खात्याकडचा कोरा असायचा. दोन्ही अपुरेच. पहिलं काम आरीचं. दुकानातल्या भोवऱ्याला जाड, बोथट खिळा घाईनं ठोकलेला असे आणि तो मधोमध असेलच असं नाही. तो पकडीनं सरळ ओढून काढायचा. हलवून काढला तर भोक मोठं होतं. नवी आर ठोकण्याआधी सामत्यानं किंवा तापवलेल्या तारेनं तिच्याहून बारीक भोक पाडायचं. हे न करता सरळ खिळा ठोकला की लाकूड उलतं. एक भोवरा मी असाच फोडला. आबाजी रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही शकलं माझ्या हातावर ठेवली आणि लाकडाचे दोर कसे गेले आहेत ते बोटानं दाखवलं. लाकूड वाचायला मी त्या दिवशी शिकलो.

आर बाहेर किती ठेवायची? साधारण अर्धा इंच. जास्त लांब ठेवली तर भोवऱ्याचं वजन वर जातं आणि तो लवकर कलंडतो. फार आखूड ठेवली तर कलताना पोट जमिनीला घासतं. टोकाचा आकार खेळावर ठरायचा. रिंगणात दुसऱ्याच्या भोवऱ्यावर नेम धरून मारायचं असेल तर टोक टोकदार. फक्त जास्त वेळ फिरवायचा असेल तर टोक मोहरीसारखं गोल, दगडावर घासून गुळगुळीत केलेलं. टोकदार आर जमिनीत रुतते आणि लवकर दमते. गोल आर जमिनीवर हलकेच घरंगळत भोवऱ्याला उभा करते. म्हणून जाणत्या पोरांकडं दोन भोवरे असायचे, एक भांडणारा आणि एक फिरणारा. ज्याच्याकडं एकच असे तो आर बदलायचा.

आर मधोमध आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, तळहाताला कळतं. फिरता भोवरा दोन बोटांच्या बेचक्यातून तळहातावर घ्यायचा. आर सरळ असेल तर हातावर नुसता एक थंड ठिपका जाणवतो. वाकडी असेल तर भोवरा चावतो, गुरगुरतो, हातभर भटकतो. मग कोळशाचा तुकडा त्याच्या पोटाजवळ अलगद धरायचा. रेघ एकाच बाजूला उमटली तर भोवरा एकीकडं फेकला जातो आहे. आर हलकेच ठोकायची, पुन्हा फिरवायचा, पुन्हा रेघ बघायची. रेघ सगळीकडून सारखी आली की काम झालं. लाकूडच एका बाजूला जड असेल तर आणखी एक युक्ती होती. आर काढून भोवरा परातीतल्या पाण्यात आडवा सोडायचा. जड बाजू आपोआप खाली जाते. वरच्या बाजूला खूण करायची आणि तिच्या नेमक्या विरुद्ध बाजूचं लाकूड काचेच्या तुकड्यानं अगदी थोडं खरवडायचं. गावात तराजू एकच, वाण्याकडं. पण पाण्याचा हा तराजू प्रत्येक पोराकडं होता.

या साध्या खटपटींमागचं गणित फार मोठं आहे. सोफिया कोवालेव्स्काया या रशियन गणितज्ञ बाईंना १८८८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं बोर्दां पारितोषिक मिळालं, ते एका स्थिर बिंदूभोवती फिरणाऱ्या घन वस्तूच्या गणितासाठी, म्हणजे भोवऱ्याच्याच गणितासाठी. क्लाइन आणि सोमरफेल्ड या जर्मन विद्वानांनी १८९७ ते १९१० या काळात भोवऱ्याच्या सिद्धांतावर चार खंड लिहिले. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात भाजक्या मातीचे भोवरे सापडले आहेत. चार हजारांहून जास्त वर्षं माणूस भोवरा फिरवतो आहे आणि विद्वानांनाही त्याचा विचार करून थकवा आलेला नाही. आमच्या गावच्या पोरांना समीकरण माहीत नव्हतं. पण वजन कडेला असलं की भोवरा जास्त टिकतो आणि टोकाशी घासण कमी झाली की जास्त टिकतो, ही दोन्ही सूत्रं त्यांच्या हाताला पाठ होती.

आरीनंतर अंग. लाखेच्या गुळगुळीत पोटावरून जाळी घसरते. म्हणून खालचा निमुळता भाग विटेच्या तुकड्यानं घासून लाख काढायची आणि कानशीनं कडा पाडायच्या. वरचा भाग मात्र तसाच गुळगुळीत ठेवायचा, कारण तिथं वाऱ्याची आणि दुसऱ्या भोवऱ्याच्या घावांची गाठ पडते. घाव बसून खड्डा पडला तर बाभळीचा डिंक आणि लाकडाचा भुसा कालवून भरायचा, वाळला की घासून सारखा करायचा. डिंक त्याच झाडाचा, लाकूडही त्याच झाडाचं. ते एकमेकांना धरून ठेवतात.

आणि मग जाळी. भोवऱ्याचा निम्मा जीव जाळीत असतो. बाजारची सुतळी राठ असते, लाकडाला सोलते. आमच्या घरी जाळी आजी करायची, टकळीवर कातलेल्या सुताची. इथं माझ्या भोवऱ्याची गोष्ट वर्ध्याच्या मोठ्या गोष्टीला जाऊन मिळते.

विनोबा १९२१ च्या एप्रिलमध्ये वर्ध्याला आश्रम चालवायला आले. पुढं ते नालवाडीला राहिले आणि १९३८ मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी गेले. नालवाडीच्या काळात त्यांनी टकळीवर आणि कताईवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. दिवसाचे तासन्‌तास कातून, मजुरी मोजून, हाताची गती मोजून. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ सुरू झालं, आणि गोपुरीला चरख्याचा सरंजाम बनू लागला. खादीच्या भाषेत सरंजाम म्हणजे चरखा, टकळी, चाती, पिंजण अशी सगळी साधनं. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात आले, मगनवाडीत राहिले आणि १९३६ मध्ये शेगावला गेले. त्याच शेगावचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा पाहत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. वर्ध्याला गेलात तर ते अवश्य पाहा. तिथले चरखे पाहताना प्रत्येकात कुणीतरी काहीतरी बदललेलं, सुधारलेलं दिसेल.

आणि २२ व २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात ती शिक्षण परिषद भरली. हातानं काही घडवता घडवता शिकायचं, हा विचार तिथं मांडला गेला. झाकिर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला, जग त्याला वर्धा योजना म्हणून ओळखू लागलं, आपण त्याला नई तालीम म्हणतो. या योजनेत लहान मुलाच्या हातात पहिल्यांदा दिलेलं साधन चरखा नव्हता, टकळी होती. टकळी म्हणजे काय? एक बारीक सळई, तिच्या खालच्या अंगाला एक गोल चकती, आणि टोकावर फिरणं. दोन बोटांनी गिरकी द्यायची आणि सोडायची. ती भोवऱ्याची सख्खी बहीणच. फरक एवढाच, की भोवऱ्यात दोरी फिरण्याला जन्म देते आणि टकळीत फिरणं दोरीला जन्म देतं.

मी १९६३ मध्ये पहिलीत गेलो. तेव्हाही शाळेत टकळीचा तास असे. बहुतेक मुलांना टकळी अवघड जायची. सळई वाकायची, टकळी डुलायची, सूत तुटायचं. भोवरा खेळणाऱ्या पोरांना मात्र ती काही दिवसांत वश व्हायची. वाकलेली सळई सपाट दगडावर घरंगळवून सरळ करायची, टोक घासून गोल करायचं, चकती मधोमध आहे का ते फिरवून बघायचं, हे सगळं आम्हाला आधीच येत होतं. गुरुजींना वाटायचं आम्ही हुशार. आमची शाळा आधीच सुरू झाली होती, एवढंच.

जाळीचं गणितही टकळीचंच. सूत मोजायचं माप तार. एक तार म्हणजे चार फूट. एकशेसाठ तारांची लटी, चार लट्यांची गुंडी, म्हणजे गुंडीत सहाशे चाळीस तार. माझ्या भोवऱ्याला पाच फुटांची जाळी लागे. पीळ दिला की सूत आखडतं, म्हणून सहा फूट धरायचं, म्हणजे दीड तार. चोवीस पदर घ्यायचे. दीड गुणिले चोवीस, छत्तीस तार. गाठी आणि तुटफूट धरून चाळीस. म्हणजे एका लटीत चार जाळ्या, एका गुंडीत सोळा. हा हिशेब मी पाटीवर न लिहिता शिकलो, कारण आजीची एक लटी मला चार मित्रांत वाटायची होती.

जाळी वळताना एक गोष्ट पाळायची. सुताचा पीळ ज्या दिशेला असेल त्याच्या उलट दिशेला जाळीचा पीळ द्यायचा. दोन्ही पीळ एकमेकांना धरतात आणि जाळी सरळ, शांत राहते. एकाच दिशेला दिला तर ती वेटोळी होते, गुंतते. टोकाला बोटात अडकवण्यासाठी सोड्याच्या बाटलीचं भोक पाडलेलं बूच. दुसरं टोक थोडं उलगडून पातळ करायचं आणि गुंडाळण्याआधी ओलं करायचं, म्हणजे पहिला वेढा आरीशी घट्ट बसतो. मेण लावायचं असेल तर अगदी बोटभर भागाला, बुचाच्या बाजूला. सगळ्या जाळीला मेण लावणारा पोरगा लाकडावरची पकड गमावतो.

साधनाची निगा हा गांधीजींच्या विचारात नंतर आलेला मुद्दा नव्हता. १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा भारतात दीडशे रुपयांच्या आत बनला पाहिजे. वेळच्या वेळी निगा ठेवली तर किमान वीस वर्षं चालला पाहिजे. आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त होता कामा नये. दीडशेचे पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये. एक लाखाचं बक्षीस देणाऱ्यांनी साडेसात रुपयांच्या दुरुस्तीचा विचार आधी केला होता. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही, पण ही अट मला त्या बक्षिसाहून मोठी वाटते. जी वस्तू गावात दुरुस्त होत नाही ती गावाची नव्हे, असं तिचं म्हणणं आहे. खात्याच्या दारात बसणाऱ्या शेतकऱ्याला हे आधीपासून ठाऊक होतं. आर बदलणाऱ्या पोरालाही.

आता निगेविषयी, कारण वर्ध्याचं हवामान लाकडाची कठोर परीक्षा घेतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आखडतं. आर सैल होते ती याच दिवसांत. ती ठोकून आत घालू नये. काढावी, सुताचे चार पदर डिंकात बुडवून तिच्या मुळाशी गुंडाळावेत आणि पुन्हा बसवावी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, आर घट्ट होते, पण गंजते. म्हणून खेळून झालं की आर कोरडी पुसून तिला तेलाचं बोट लावायचं. भोवरा उन्हात ठेवायचा नाही, चुलीजवळही नाही. आजी तो जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत खुपसायची. धान्यात हवा एकदम तापत नाही की गार होत नाही. तिथं तो उन्हाळाभर झोपायचा.

तेल कोणतं लावायचं याबद्दल आबाजी ठाम होते. जवसाचं. आमच्या भागात जवस पिकायची, घाणीवरचं तेल घरात असायचं. शेंगदाण्याचं तेल लाकडावर तसंच चिकट राहतं, धूळ धरतं, पुढं खवट होतं. जवसाचं तेल हवेनं वाळून लाकडावर पातळ कातडीसारखं बसतं. चिंधीनं अगदी थोडं घ्यायचं, चोळायचं, जास्तीचं पुसून टाकायचं आणि चार-आठ दिवस सावलीत ठेवायचं. वर्षातून दोनदा, पोळ्याच्या आधी आणि होळीनंतर. लाकडाच्या उभ्या टोकाला, म्हणजे डोक्यावर आणि आरीच्या भोवती, दोन हात जास्त द्यायचे. लाकूड पाणी पितं ते तिथूनच आणि चीरही तिथूनच सुरू होते. आणि तेलाची चिंधी कधी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही. वाळताना ती आपोआप तापते, पेट घेऊ शकते. आबाजी ती पसरून दगडाखाली उन्हात वाळवायचे.

माझ्या भोवऱ्याला चीर पडली त्या वर्षी मी चौथीत होतो. मी रडत गेलो. आबाजी तेव्हा एका बंडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवत होते. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडाची धाव लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीनं धरून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आखडतं आणि चाकाचे सगळे आरे एकमेकांना घट्ट मिठी मारतात. त्याच आगीत त्यांनी एक बोटभर पट्टीची शेंबी तापवली, भोवऱ्याच्या डोक्याखाली चढवली आणि पाण्यात बुडवली. चुरर्र आवाज आला आणि चीर मिटली. पन्नासहून जास्त वर्षं ती मिटलेली आहे. त्या शेंबीमुळं वजन कडेला गेलं आणि भोवरा आधीपेक्षा जास्त वेळ फिरू लागला. मोडलेली वस्तू नीट केली तर ती आधीसारखी होते असं लोक म्हणतात. ती आधीहून चांगलीही होऊ शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

नंतर बंडीला रबरी टायर आले. लाकडी चाकं दारामागं पडली, मग सरपणात गेली. खात्याकडं तुंब्याचं काम उरलं नाही, म्हणून बाभळीचे तुकडेही उरले नाहीत. आबाजींचा खराद मोडीत निघाला. त्याची दोन लोखंडी टोकं मी जपून ठेवली आहेत. घाणी गेली, जवसाचं पीक कमी झालं. शाळेतला टकळीचा तास बंद पडला. भोवरा एकटा गेला नाही. ज्या ज्या हातांवर तो उभा होता ते सगळे हात एकामागून एक गेले, आणि मग तो गेला. प्लास्टिकचे भोवरे आले. त्यांची आर काढता येत नाही, टोक झिजलं की फेकायचे. १९९९ मध्ये जपानी कंपनीचा बेब्लेड आला आणि पुढं आमच्या गावांतही पोचला. त्याचे भाग बदलता येतात, हे मला आवडलं. पण ते विकत आणून बदलायचे असतात, घासून-ठोकून नव्हे. त्याच जपानात केंडामा नावाचं लाकडी खेळणं मात्र अजून जोमात आहे. दांडी, तीन वाट्या आणि दोरीला बांधलेला चेंडू. खेळणारी मुलं त्याची दोरी स्वतः बदलतात, लाकूड घासून त्याची पकड वाढवतात. म्हणजे जुनं खेळणं टिकतं ते जुनं आहे म्हणून नव्हे. खेळणाऱ्याच्या हाताला त्यात काम उरलेलं असतं म्हणून.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी शाळेत दर शनिवारी भोवऱ्याचा तास घेतला. सुरुवातीला मुलं तयार भोवरा मागायची. मी त्यांना मुद्दाम आर वाकडी असलेले भोवरे द्यायचो, सोबत पकड, कानस, कोळशाचा तुकडा आणि पाण्याची परात. एक मुलगी वर्गात वर्षभर कधी हात वर करत नसे. तिसऱ्या शनिवारी तिनं पाण्यात सोडलेला भोवरा पाहिला आणि म्हणाली, "सर, हा इकडून भारी आहे, म्हणून तो तिकडं पळते." तिला मी गुरुत्वमध्य हा शब्द नंतर सांगितला. गोष्ट तिच्या हाताला आधीच कळलेली होती. वर्ध्यात १९३७ मध्ये जे मांडलं गेलं ते एवढंच होतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

म्हणून वाचकांना माझं एक मागणं आहे. येत्या तान्ह्या पोळ्याला घरी आलेल्या मुलांच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवाल, तेव्हा आपल्या घरच्या मुलाला एक लाकडी भोवराही द्या. तो रंगीत नसला तरी चालेल. त्याच्यासोबत दोन जास्तीचे खिळे, एक कानस, सुताची एक लटी आणि जवसाच्या तेलाची छोटी बाटली द्या. पहिल्या दिवशी भोवरा नीट फिरणार नाही. तुम्ही तो दुरुस्त करून देऊ नका. शेजारी बसा, आणि आर काढताना पकड सरळ धरायची एवढंच सांगा.